न दिलेल्या कपड्यांची गल्ली

“गल्ली नटवायची ना? माझ्यावर सोडा! उद्या सकाळी ओळखू येणार नाही!” शिंपीकाकांनी छाती ठोकून सांगितलं आणि अख्ख्या गल्लीच्या पोटात गोळा आला.

कारण काकांच्या तोंडून ‘उद्या’ आलं, की त्या कामावर पाणी सोडायचं! गल्लीतली गिऱ्हाईकं थकून, घरांना कुलपं लावून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, पण त्यांचे कपडे काकांच्या कपाटातच राहिले. काकूंनी तर ओवीच रचली होती:

“सुई धावे पुढे पुढे, दोरा येई मागे मागे,
माझ्या धन्याच्या ‘उद्या’ची कोंबडाही वाट बघे!”

पण या वेळी चेष्टा परवडणारी नव्हती. नगराची कलासमिती पाहणी करून एक जुनी गल्ली निवडणार होती. तिथली छपरं दुरुस्त होणार, कुलूपबंद घरांत वादक, चित्रकार, कळसूत्री बाहुल्यावाले येऊन बसणार! आणि ही गल्ली निवडली नाही, तर? ती पाडून गाड्या उभ्या करायला मोकळं मैदान. काकांच्या दुकानासकट!

सकाळी काका चुन्याची बादली शोधत होते, तोच काकू ओरडल्या, “अहो, समितीच्या बाई कोपऱ्यावर आल्या!”

भिंतींना तर हात जाईल एवढ्या भेगा! तिकडे नजरच जाऊ नये म्हणून काकांनी कपाट उघडलं, या खिडकीतून त्या खिडकीत दोऱ्या बांधल्या आणि सगळे कपडे टांगून दिले. एका बाहीचा कोट, गुंडी नसलेले सदरे, इवलाले झगे. पाखरांचा थवाच उतरला जणू!

बाई मान वर करून थबकल्या. “हे काय?”

“गेलेल्या माणसांचे आहेत,” काका चाचरले. “येतील परत, म्हणून ठेवलेत.”

बाईंचे डोळे पाणावले. “केवढी माया! हे असंच राहू द्या. रविवारी सगळी समिती घेऊन येते!”

काकांची मान ताठ झाली. पण शनिवारी वर्तमानपत्रात त्या कपड्यांचा फोटो छापून आला, आणि रविवारी उजाडताच गल्लीत ही गर्दी!

“तो माझा लग्नाचा कोट!” एक टक्कलवाले गरजले. “मेहुण्याच्या कोटात लग्न लागलं माझं! लग्नाच्या फोटोत बुजगावणं दिसतोय!”

“हा माझ्या लेकीचा झगा! आता तिच्या लेकीला होईल!”

“उद्या देतो...” काकांनी सवयीनं म्हटलं.

“आत्ता!” गल्ली दुमदुमली. दाराशी टक्कलवाले ठाण मांडून बसले.

मग काय! मशीन असं धडधडलं, की छपराची कौलं थरथरली. बाही लागली, गुंड्या बसल्या, एकेक कपडा दोरीवरून उतरला. काकांनी मान वर केली, तर दोऱ्या रिकाम्या आणि समिती दारात!

“जन्मात एकदा कामं वेळेवर केलीत,” काकूंनी कपाळावर हात मारला, “तीही नेमकी आजच!”

“बाई, माफ करा,” काका रडवेले झाले. “सगळं गेलं!”

पण बाईंचं लक्षच नव्हतं. पोटावर न मिटणारा कोट घालून टक्कलवाले आपल्या जुन्या घराचं गंजकं कुलूप उघडत होते. पायऱ्यांवर म्हातारे मित्र एकमेकांचे सदरे ओढून हसत होते. आईचा झगा घातलेली नात भेगांत बोटं घालून फिरत होती. कितीतरी वर्षांनी गल्लीत आवाज मावत नव्हता.

“त्या दिवशी नुसते कपडे होते,” बाई म्हणाल्या, “आज त्यांच्यात माणसं आलीत! हीच गल्ली! ठरलं!”

एकच जल्लोष! काकूंनी काकांचा हात सगळ्यांदेखत धरला. काकांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ऐटीत विचारलं, “मग बाई, आमची छपरं कधी दुरुस्त होणार?”

बाईंनी घसा साफ केला, नजर जरा दुसरीकडे वळवली आणि गोड हसल्या.

“उद्या!”

सगळी गल्ली वळून काकांकडे बघू लागली. गिऱ्हाईकाच्या पोटात नेमकं काय होतं, ते काकांना जन्मात पहिल्यांदा कळलं!