उभी गाडी लागली

पुलगावच्या अलीकडे रेल्वे फाटक बंद होतं. अश्वजितनं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. फाटकापलीकडेच नंदिनीचं घर. वर्षभर फोनवर जुळलेलं आज मोठ्यांच्या तोंडून पक्कं व्हायचं होतं, त्यामुळे तो बिचारा सारखा कॉलर नीट करत होता. शेजारी त्याचे वडील रूपराव मात्र खुशीत होते. आंजीपासून इथवर त्यांना गाडी लागली नव्हती.

तेवढ्यात मालगाडी आली. समोरून डब्यामागून डबा सरकू लागला आणि रूपराव एकटक पाहत बसले.

"अरे, गाडी काऊन सरकून राह्यली? ब्रेक मार."

"बाबा, गाडी बंद हाये."

"मंग आपण चाललो कुठं?"

कुठंच चालले नव्हते. पण हे रूपरावांच्या पोटाला कोण सांगणार? मालगाडी संपेस्तोवर ते घामानं भिजले होते.

नंदिनीच्या घरी 'जय भीम' झाला. तिच्या आईनं, तानाबाईंनी, पोहे आणले, वर लालभडक तर्री. वासानंच रूपरावांनी मान फिरवली. आता सोयरिकीला आलेल्या पाहुण्यानं बशीला हात लावला नाही, तर आपल्याकडे त्याचा अर्थ एकच: मुलगी पसंत नाही. तानाबाईंचा चेहरा उतरला. अश्वजितचा तर त्याहून.

"मले गाडी लागली जी," रूपराव कसेबसे म्हणाले.

"रस्ता तं चांगला हाये," नंदिनीचे वडील किसनराव म्हणाले.

"रस्त्यात नाई लागली. फाटकावर उभी होती, तवा लागली."

झालं. खरं बोलायची काही गरज होती का? किसनराव विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर.

"उभी गाडी लागते काय कोणाले? नाई म्हणाचं असन तं सरळ म्हणा ना."

नंदिनी आतून बाहेर आली. "लागते, बाबा. डोळे म्हणतात चाललो, कानाच्या आतलं यंत्र म्हणते बसलो. दोघांचं जमत नाई, अन् पोट बिचारं काम सोडून देते."

किसनरावांच्या डोळ्यांत चमक आली. ते उठले ते चप्पल घालायलाच. "पाहूनच घेऊ."

अश्वजितनं त्यांना पुढच्या सीटवर बसवून गाडी फाटकाशी नेऊन बंद केली. दुसरी मालगाडी आली.

"काईच होत नाई," किसनराव म्हणाले. मग त्यांचा पाय ब्रेक शोधू लागला, जो त्यांच्या बाजूला नव्हताच.

घरी आल्यावर ते डोळे मिटून रूपरावांशेजारी भिंतीला टेकले. तानाबाईंनी बशी पुढे केली. किसनरावांनी ती बोटानं मागे सारली.

"आता तुमीबी नाई म्हणता काय?" तानाबाईंनी विचारलं.

दोघा बापांनी तोंडाला रुमाल लावले. अश्वजितला वाटलं, आता उशीर केला तर सगळंच गेलं. त्यानं आपली बशी संपवली. मग वडिलांची ओढली. मग किसनरावांची. तर्री चांगलीच तिखट होती. त्याचं नाक वाहू लागलं, कान लाल झाले, तरी तो मान खाली घालून खातच राहिला.

तानाबाईंनी पाण्याचा गडवा भरून त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या जावाई," त्या म्हणाल्या, "पाणी घ्या."