खडपेवाड्याची भर दुपारची गस्त

"बाबली पोलिसाला आठवड्याच्या आत झोपेत पकडून दाखवीन. नाही पकडला, तर त्याच्या जागी मी स्वतः गस्त घालीन!" सगुणबाब देवळाच्या मंडपात सगळ्या गावासमोर हे बोलून बसला. टाळ्या पडल्या. गळ्यात हार पडायचा तेवढा बाकी राहिला, असं त्याला वाटलं.

सगुणबाब म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. उभा जन्म वजनमापे खात्यात काढून निवृत्त झालेला माणूस! तो डिचोलीच्या बाजारात शिरला की तराजू आपोआप सरळ होत, असं तो स्वतःच सांगायचा. कुठे खोटं वजन सापडलं की तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. ते वजन दुकानदाराच्या समोर फळीवर उताणं ठेवायचा आणि निघून जायचा. उताणं म्हणजे नापास. ही त्याची खूण साऱ्या बाजाराला पाठ होती.

निवृत्तीनंतर मात्र हाताला तपासायला काही उरलं नाही. आमटीतलं मीठ आणि दुधाचं माप यांवर किती दिवस काढणार? बायको पद्मावती तर कंटाळून गेली होती. अशात वरून फर्मान आलं की दर चौकीवर गावकऱ्यांची देखरेख समिती नेमावी, पोलीस नेमून दिलेलं काम करतात की नाही हे लोकांनीच पाहावं. अध्यक्ष कोण, हे कोणाला विचारावंच लागलं नाही. सगुणबाब आधीच उभा राहिला होता.

खडपेवाडा लाटंबार्सेच्या पलीकडे, काजूच्या डोंगराला चिकटून. काजूच्या दिवसांत तिथे चोरी व्हायची ती भर दुपारी. कारण उघड होतं. दुपारी जेवण झालं की आमच्याकडे आधी दुकानाची फळी पडते, मग कुत्रं पडतं, मग माणूस पडतो. चार वाजेपर्यंत गावात जागं असं काही नसतं. चोरांना हे बरोबर कळलं होतं. म्हणून पोलिसांना हुकूम झाला की रोज दुपारी चौकीपासून काजूच्या उतरणीने निघायचं, शिवेवरच्या राखणदाराच्या दगडाला वळसा घालायचा, खाली व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं.

चौकीतले बाकीचे शिपाई मोपा विमानतळाच्या बंदोबस्ताला गेलेले. उरला एकटा बाबली, दोडामार्गाकडचा, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. तो उन्हात डोंगर चढतो यावर शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता. सगुणबाबने पैज मारली ती याच भरवशावर. बाबलीची नोकरी आणि सगुणबाबचा शब्द, दोन्ही त्या मंडपात एकदम टांगणीला लागले.

समितीत आणखी दोघे होते. महिला मंडळाची विनोदिनी आणि काजूच्या भट्टीचा मालक धाकू. तपासणीला दुपारी दोनला निघायचं, असं सगुणबाबने सांगताच दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने चारचौघांत काही अचकट विचकट बोलून टाकलं होतं.

"दुपारी कोण खंय जाता?" विनोदिनी म्हणाली. "आणि शिवेकडे तर जावचाच न्हय. ती त्याची वेळ."

त्याची म्हणजे राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची. दुपारी आणि रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, असं गाव मानतं. त्याच्या चालण्याने वहाणा झिजतात म्हणून दरवर्षी एका घराने त्याच्या दगडासमोर चामड्याचा नवा जोड ठेवायचा. यंदा पाळी सगुणबाबची होती. जोड त्याने स्वतः पसंत करून आणला होता, आणि इतका स्वस्तात, की पद्मावतीने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला होता. सगुणबाब विनोदिनीला हसला. धाकूने भट्टीचं निमित्त सांगितलं. सगुणबाब म्हणाला, मी एकटा पुरेसा आहे.

पहिल्या दिवशी त्याने घरच्या सोप्यावरूनच पाळत ठेवायचं ठरवलं. रस्ता समोर, वर कौलांची सावली, पोटात बांगड्याची आमटी. डोळे मिटू लागले आणि तेवढ्यात आवाज आला. कर्र, फट्. कर्र, फट्. मध्येच जांभ्यावर दांडा टेकल्याचा टक् असा आवाज. सगुणबाबचा चेहरा उतरला. बाबली खरंच गस्त घालतो की काय? त्याने डोळे उघडले. रस्ता पांढराफटक आणि मोकळा. आवाज मात्र समोरूनच जात होता. रस्त्यात पडलेल्या कुत्र्याने मान वर केली, डावीकडून उजवीकडे काहीतरी जाताना पाहिलं, शेपटी हलवली आणि पुन्हा मान टाकली. मागे विडीचा वास राहिला. बाबली तर विडी ओढत नव्हता. सगुणबाबला हे आठवलं, पण झोपेने ते पुढे जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सरळ चौकी गाठली. आत बाकड्यावर बाबली आडवा, तोंड उघडं, बूट खाली नीट जोडून ठेवलेले. सगुणबाबला आनंदाने नाचावंसं वाटलं. आता विनोदिनीला उठवून आणायची, साक्षीदार म्हणून उभी करायची, की झालं! तो मागे फिरला आणि जागीच थांबला. वरच्या काजूच्या उतरणीवरून आवाज येत होता. कर्र, फट्. टक्.

बाबली इथे घोरत होता. मग वर कोण होतं?

दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. पण सगुणबाबच्या डोक्यात सरकारी दिवा लागला. बदली माणूस! या बाबलीने आपल्या जागी कोणालातरी परस्पर फिरायला ठेवलंय! झोपण्यापेक्षा हा गुन्हा मोठा. खऱ्या वजनाच्या जागी खोटं ठेवण्यासारखाच. त्याने कुंपणाच्या वईतली एक काठी उपसली आणि चढण धरली.

आवाज पुढच्या वळणावर असायचा. सगुणबाब तिथे पोचला की तो त्याच्या पुढच्या वळणावर. काजूच्या बोंडूंचा आंबूस वास दाटला होता. किरकिर करणारे किडे एकाएकी गप्प झाले. लांब एका बुंध्याआड काळी घोंगडी हलल्यासारखी वाटली. या उकाड्यात घोंगडी? सगुणबाबने घसा खाकरला आणि तपासणीचा आवाज काढला.

"थांब थंयच! देखरेख समितीतर्फे विचारतंय. तुझा नाव काय? कोणाच्या हुकमान फिरतंस?"

आवाज थांबला. पानही हलेना. आपण विचारायला नको होतं, असं सगुणबाबला मनापासून वाटलं. मग टक् झालं, पण समोर नाही. ते त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ झालं.

त्याने वळून पाहिलं नाही. वळायची हिंमतच झाली नाही. घरची वाट धरावी म्हणून तो डावीकडे वळला तर ज्या रानात त्याचं बालपण गेलं ते रान त्याला ओळखू येईना. तोच काजू, तोच दगड, पुन्हा तोच काजू. पाय चुकला की मागून टक् व्हायचं, आणि तो निमूट दुसरीकडे वळायचा. सांजेला गुरं वळवून आणतात तसं कोणीतरी त्याला वळवून नेत होतं. शेवटी झाडी संपली आणि समोर काजऱ्याचं झाड आणि त्याखाली राखणदाराचा दगड आला.

दगडासमोर वहाणांचा जोड होता. त्यानेच ठेवलेला, यंदाचाच. पण त्याचे अंगठे सगुणबाबकडे वळलेले, जणू कोणी आत्ताच काढून ठेवला असावा. उजवी वहाण टाचेला फाटली होती, पट्टा तुटायला आला होता. डावी तेवढी धड होती. सगुणबाबने वाकून हात लावला. दाट सावलीत असूनही दोन्ही आतून गरम होत्या.

आणि मग त्याला सगळं आठवलं. डिचोलीच्या दुकानात उरलेला तो विजोड जोड. एक आठ नंबर, एक नऊ नंबर. दुकानदार म्हणाला होता, खपत नाही, कमी करून देतो. पद्मावतीने घरी आल्यावर धरलंच होतं, देवाच्या कामात असं करू नका. आणि सगुणबाब, ज्याने रतीभर खोटीसाठी बाजार हलवला होता, तो काय म्हणाला होता? "तो थोडोच मोजून बघतलो!"

आठ नंबर पायाला चावत होता म्हणून कर्र वाजत होता. नऊ नंबर फट् वाजत होता. सगुणबाबला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. त्याने स्वतःच्या वहाणा काढल्या, वापरून लोण्यासारख्या मऊ झालेल्या, दोन्ही नऊ नंबर. हात जोडले, डोळे मिटले आणि येईल ते पुटपुटत क्षमा मागितली. डोळे उघडले तेव्हा त्याच्या वहाणा जागेवर नव्हत्या. खाली व्हाळाकडे कोणीतरी सावकाश चालत गेल्याचा आवाज येत होता. त्यात आता कर्र नव्हतं आणि फट्ही नव्हतं.

जांभ्याची वाट तव्यासारखी तापलेली. अनवाणी चार पावलंही जाववेना. नाइलाजाने त्याने तो विजोड जोड पायांत चढवला आणि काठी टेकत, लंगडत उतरला. चौकीच्या दारात बाबली डोळे चोळत उभा होता.

"या, सगुणबाब. तुमची गस्त झाली?"

"माझी गस्त?"

"तुमचीच ती. पयल्या दिसा मी बूट घालून भायर पडलंय, तर फुडे कोणतरी दांडो आपटत चलता. माका वाटला, समितीचो माझ्यार विश्वास नाय, ती आपणच फिरता. मग मी उगाच मधी कित्याक पडू? तेव्हापासून मी गप हंयच आसंय." मग त्याची नजर खाली गेली. "पण वहाणो अशो कित्याक?"

सगुणबाब तसाच लंगडत घरी गेला आणि तापाने दोन दिवस पडून राहिला.

आठवडा भरला तशी मंडपात सभा झाली, सारा गाव जमला. बाबली मागे भिंतीला टेकून उभा होता, तोंड सुकलेलं. झोपेची कबुली आपणच देऊन बसलो हे त्याला आता कळलं होतं, आणि सगुणबाबच्या एका शब्दावर त्याची नोकरी होती. सगुणबाब उठला. खरं सांगावं, तर लोक विचारणार, चोरी तर बंद आहे, मग फिरत होता कोण? आणि ते सांगावं, तर राखणदाराच्या पायांत काय होतं, हेही सांगावं लागणार. पद्मावती पहिल्याच रांगेत बसली होती.

"गस्त रोज जाता," तो म्हणाला. "येका दिसाचो खंड नाय. चोरी बंद आसा. समितीची काय तक्रार नाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हार आणलेलाच होता, तो बाबलीच्या गळ्यात पडला. बाबलीने दोनदा मागे वळून पाहिलं, हार आपल्यासाठीच आहे ना, म्हणून. सगळं शांत झाल्यावर विनोदिनी उठली आणि तिने अगदी गोड आवाजात विचारलं, की अध्यक्षांनी शब्द दिला होता, तर त्यांची गस्त कधीपासून?

दुसऱ्या दिवसापासून. सगुणबाबने आधी बाजारात जाऊन दोन्ही नऊ नंबरचा कोरा जोड आणला, सांगेल ती किंमत देऊन, आणि दगडासमोर ठेवला. मनात हिशेब असा, की हा घ्यावा आणि आमचा परत द्यावा. पुढच्या दुपारी जाऊन पाहतो तर कोरा जोड तिथेच होता. दोन्ही वहाणा उताण्या.

ही खूण त्या डोंगरात एकट्या सगुणबाबला कळत होती. नापास! सौदा मोडला; विजोड जोड आता त्यानेच घालायचा होता.

काजू संपले, चोरांना गाव कधीच विसरलं, पण गस्त संपली असं सगुणबाबला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कोणाला हा प्रश्नच होता. गाव झोपलं की तो निघतो. पुढच्या वळणावर त्याच्याच मऊ वहाणा निवांत चालत असतात, मागे हा लंगडत असतो. विनोदिनी कधी खिडकीतून अर्धवट झोपेत विचारते, कोण गेलो? सगुणबाब सांगतो, समिती. आठ नंबर उजव्या पायाला फार चावतो, पण ती तक्रार त्याने अजून कुठे केलेली नाही.