बेवारस अकरा

“सरोवराच्या या दक्षिण किनाऱ्यावर माझ्याइतकं तल्लख डोकं दुसरं नाही. उत्तर किनाऱ्यावर असेलही एखादं, पण मधे अख्खं इसिक-कुल पसरलंय. तेव्हा ते इकडे येण्याची भीती नाही.”

माझे दाजी देरकेनबाय स्वतःची ओळख अशी करून देतात, तीही कोणी विचारायच्या आधी. एकोणतीस वर्षं त्यांनी आमच्या कारा-बेल गावच्या टपाल कचेरीत काढली. पाकीट न फोडता आतलं पत्र सांगता येतं असा त्यांचा दावा होता. पाकिटं फुटलेली का असतात, याची चौकशीही वरून त्यांच्याकडेच आली होती. ती त्यांनी निकाली काढली, गुन्हेगार उंदीर ठरले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर ‘खाजगी गुप्तहेर’ अशी पाटी लावली. मी त्यांचा मदतनीस. हे पद मला दोन गुणांवर मिळालं: मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ आहे, आणि माझ्याकडे गाडी आहे. माझं नाव मेदेर, पण चारचौघांत दाजी मला ‘आमचं वाहन’ म्हणतात.

त्या सप्टेंबरात आमच्या गावाला तायगान महोत्सवाचा मान मिळाला. तायगान म्हणजे आमच्या डोंगरातलं शिकारी कुत्रं. लांबट तोंड, रेशमी कान, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपणच त्याच्या वाटेत आलो आहोत. राजधानीहून पाहुणे येणार होते, शर्यती होणार होत्या, जातिवंत कुत्र्यांना पदकं मिळणार होती, आणि ‘कुत्रा, आपला सखा’ या विषयावर गावप्रमुख ओरोझाली यांचं भाषण होतं. भाषणाची तयारी म्हणून ओरोझालींनी सगळ्यात आधी एक काम केलं. गावातल्या भटक्या कुत्र्यांना गोळ्या घालायचा हुकूम काढला.

सोमवारी दुकानाच्या दारावर कागद लागला: ‘गुरुवारी शिकारी येईल. बेवारस कुत्री रविवारच्या आत हटवली जातील.’ बेवारस कुत्री एकूण अकरा होती. बस थांब्याच्या आसपास राहायची, मिळेल ते खायची. त्यांना नावं नव्हती. ‘हड्’ म्हटलं की अकराही जणांना कळायचं.

गुरुवारी शिकारी बंदूक घेऊन आला, तर थांब्यावर एकही कुत्रं नाही.

आता इथे मला एक कबुली देणं भाग आहे. अकरापैकी एका कुत्र्याचा ठावठिकाणा मला माहीत होता, कारण ते माझ्या कोळशाच्या खोलीत होतं. एक लंगडी कुत्री. रोज रात्री ती माझ्या गाडीच्या इंजिनखाली ऊब घेत झोपायची आणि सकाळी मी किल्ली फिरवण्याआधी स्वतःहून उठून बाजूला व्हायची. मंगळवारी सकाळी ती अशीच उठली, आळस दिला, आणि मला त्या कागदाची आठवण झाली. मी तिला उचललं आणि आत कोंडलं. बायकोला सांगितलं, उंदरांसाठी आणलीय. ती म्हणाली, “उंदरांसाठी मांजर आणतात.” मी म्हटलं, “मांजर सुट्टीवर आहे.”

म्हणजे एक चोर मी होतो. पण उरलेली दहा कुठे गेली, याचं कोडं मलाही पडलं होतं.

ओरोझालींनी दाजींना कचेरीत बोलावलं. शिकारी कोपऱ्यात बसून चहा पीत होता. उसोन त्याचं नाव, पन्नाशीचा, खांदे पाडून बसणारा माणूस.

“देरकेनबाय, मारायला कुत्री नाहीत,” ओरोझाली म्हणाले.

“मग अडचण काय आहे?” दाजींनी विचारलं.

“अडचण ही की ती कुठेतरी आहेत. रविवारी ऐन भाषणात निघाली तर?”

दाजींनी डोळे मिटले. डोळे मिटले की त्यांची बुद्धी चालते असं ते म्हणतात. ताई म्हणते झोप लागते. मग ते उसोनकडे वळले. “तुमच्या बुटांना लाल माती आहे. म्हणजे तुम्ही पूर्वेकडून आलात.”

“पश्चिमेकडून,” उसोन म्हणाला.

“हेच. स्वतःची दिशा लपवणारा माणूस. लिहून घे रे मेदेर.”

मी लिहून घेतलं. मदतनिसाने लिहायचं असतं, खरंखोटं बघायचं नसतं.

पहिला तर्क लांडग्यांचा होता. लांडगे डोंगरावरून उतरले आणि अकरा कुत्री फस्त करून गेले. मी म्हटलं, “दाजी, रक्ताचा थेंब नाही, हाड नाही.” ते म्हणाले, “म्हणजे टापटिपीचे लांडगे आहेत.” दुसरा तर्क शेजारच्या गावाचा. त्यांना महोत्सव मिळाला नाही, म्हणून त्यांनी आमची कुत्री पळवली. “पण दाजी, कुत्री पळवली तर आपलं कामच झालं की.” यावर दाजी म्हणाले, “त्यातच तर डाव आहे.”

शुक्रवारी आम्ही घरोघरी चौकशीला निघालो. मला वाटत होतं, माझा चेहरा बघूनच कोणीतरी ओळखेल. पण गंमत अशी की, दार उघडणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा माझ्याहून वाईट होता.

शाळेतले गणिताचे मास्तर बाकीर उंबऱ्यात आडवेच उभे राहिले. आत यायचा आग्रह नाही, चहा नाही. आमच्याकडे पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे घराला आग लागली असली तरच क्षम्य. दाजींनी विचारलं, “कुत्री पाहिलीत?” तेवढ्यात आतून ‘भौ’ असा आवाज आला. मास्तर तत्काळ खोकले. आतून पुन्हा आवाज आला, मास्तर पुन्हा खोकले.

“खोकला छातीत उतरलाय,” दाजी म्हणाले. “गरम दुधात मेंढीची चरबी घालून घ्या.”

“नक्की घेतो,” मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बायानकुल आजी ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या अंगणात दोरीवर एक गोधडी वाळत होती आणि गोधडीखालून चार पाय दिसत होते. दाजींनी त्याकडे पाहिलं.

“वासरू आहे, पोरा,” आजी म्हणाल्या.

“आजी, तुमच्याकडे गाय कुठे आहे?”

“म्हणूनच तर जपावं लागतं.”

हे दाजींना पटलं. परत येताना मी म्हणालो, “दाजी, ते वासरू शेपूट हलवत होतं.” ते म्हणाले, “आईविना वाढलंय, हवं तसं वागणार.”

खरा सुगावा लागला खाटकाकडे. खाटीक म्हणाला, “या आठवड्यात हाडं उरतच नाहीत. एरवी कुणी ढुंकून बघत नाही, आणि आता जो तो सुपासाठी हाडं मागतोय. तुमच्या घरूनही माणूस आलं होतं.”

दाजींचे डोळे चमकले. ते हाडाचे गुप्तहेर. हाडांपर्यंत पोचल्यावर त्यांना कोण अडवणार? गाडीत बसल्यावर त्यांनी निष्कर्ष सांगितला: कारा-बेलमध्ये सांधेदुखीची साथ आली आहे. लोक हाडांचं सूप पिताहेत. कुत्र्यांना साथीचा वास आधी लागला आणि ती गाव सोडून गेली.

मी गाडी सुरू केली. त्या हाडांतली दोन माझ्या सीटखाली होती.

संध्याकाळी उसोनचा ट्रक कचेरीपुढेच ठेवून मी त्याला मुक्कामाच्या जागी सोडायला गेलो. वाटेत तो म्हणाला, “बायको विचारते, आज काय मारलंस. मी सांगतो, कोल्हे. सात वर्षं झाली सांगतोय. आता ती म्हणते, इतके कोल्हे होतेच कुठे?” मग थोड्या वेळाने म्हणाला, “तुमचे साहेब कुत्री शोधून काढतील का?”

“प्रयत्न करताहेत,” मी म्हटलं.

“देव त्यांना असंच ठेवो,” उसोन म्हणाला.

पण शनिवारी सकाळी ओरोझालींनी फर्मान काढलं: दुपारी सगळं गाव सभागृहात जमेल, देरकेनबाय गुन्हेगाराचं नाव सांगतील, आणि नाही सांगितलं तर उसोन घरोघरी गोठे उघडून बघेल. हे ऐकून मला जेवण गेलं नाही. मी कोळशाच्या खोलीत जाऊन बसलो. लंगडीने माझ्या बुटावर हनुवटी ठेवली. पाठीवर हात फिरवला तर तळवा काळा झाला. गाडीत घालून तिला दूर सोडून यावं, असा विचार मनात आला, पण ती तीन पायांनी परत थांब्यावरच आली असती.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत ओरोझाली आणि त्यांच्या वृद्ध आई. दाराशी उसोन, बंदूक भिंतीला टेकवून. दाजी मंचावर चढले. ठेवणीतला कोट घातला होता, डोक्यावर पांढरी उंच कालपाक टोपी.

“गुन्हेगार याच खोलीत आहे,” दाजी म्हणाले.

सगळ्या गावाने एकदम श्वास रोखला. एकाच गुन्हेगारासाठी इतके श्वास रोखले जाताना मी पहिल्यांदाच पाहिले.

“त्याच्या तीन खुणा. एक, त्याची झोप उडालेली असेल. दोन, त्याच्या हाताला हाडांचा वास असेल. तीन, त्याच्या कपड्यांना कुत्र्याचे केस असतील. कोणी हलू नका. निर्दोष माणसाचा कोट कसा असतो ते आधी दाखवतो.” असं म्हणून त्यांनी उजेडात हात पसरले.

कोटाच्या दोन्ही बाह्या तांबड्या केसांनी भरल्या होत्या.

दाजींनी बाह्यांकडे पाहिलं. डोळे मिटले. उघडले. “गुन्हेगाराने,” ते सावकाश म्हणाले, “मला मिठी मारलेली आहे.”

तिसऱ्या रांगेतून माझी ताई अनारकुल उठली. “अहो, खाली या. तो कोट गोठ्याच्या खुंटीला होता. तांबडा त्याच्यावर झोपतो.”

“कोण तांबडा?”

“कुत्रा. मंगळवारपासून गोठ्यात आहे. तुमच्या उशाच्या भिंतीपलीकडे भुंकतोय चार दिवस.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही गावभर केलं असतंत. आणि न सांगता तुम्हाला कळेल, अशी भीती मला कधी वाटली नाही.”

ती ओरोझालींकडे वळली. “गुन्हा माझा आहे. बाकीच्या दहांचं मला माहीत नाही. एकच ठेवता आलं.”

मग बाकीर मास्तर उभे राहिले. आज त्यांना खोकला नव्हता. “मला वाटलं मी एकटाच आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे साखर आहे. म्हणजे ती पांढरी.”

“आमचा वासरू,” बायानकुल आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या. “नावच ते ठेवलंय. खोटं बोलायला नको.”

मग एकेक जण उठत गेला. खाटकाची सून, दुकानदार, कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी, दोघी जुळ्या बहिणी. प्रत्येकजण आधी म्हणायचा, “मला वाटलं मी एकटाच,” आणि मग नाव सांगायचा. ढग. म्हातारबा. शिळी भाकर. दाजी मंचावर उभे राहून वहीत लिहीत होते. गेल्या सोमवारपर्यंत ज्यांना एक नाव नव्हतं, त्यांची यादी होत होती. मीही उठलो. “लंगडी,” म्हणालो, “नाव बदलायचा विचार आहे.” लहानपणी मी दूध सांडल्यावर पाहायची, तसं ताईने माझ्याकडे पाहिलं.

“दहा झाली,” दाजी म्हणाले. “अकरावं?”

कोणीच उठेना. ओरोझालींनी घसा साफ केला. “म्हणजे एकाची तरी अजून लपवाछपवी चालू आहे. मला ती खपणार नाही.”

“ओरडू नकोस,” शेजारी बसलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या. “तुझ्या गॅरेजमध्ये आहे. गाडी तू अंगणातच लावतोस, गॅरेजमध्ये कशाला जाशील? पिल्लू आहे रे. तुझ्या जुन्या टोपीत मावतं.”

ओरोझालींनी उसोनकडे पाहिलं. उसोनने खिशातून हुकुमाचा कागद काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचल्यासारखा वाचला.

“साहेब, यात ‘बेवारस’ लिहिलंय,” तो म्हणाला. “इथे तर प्रत्येकाचा वारस उभा आहे. मला दुसऱ्याच्या मालकीचं कुत्रं मारता येणार नाही. कायद्याने गुन्हा होईल.” त्याने कागदाची घडी केली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे वर आलेले मला दिसले.

“बरोबर आहे,” ओरोझाली हळूच म्हणाले. मग आईला म्हणाले, “कुठल्या टोपीत?”

रविवारी महोत्सव झाला. तायगान वाऱ्यासारखे धावले, पदकं त्यांनाच मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. ती कुत्री धावताना बघून माणसाला आपल्या चालण्याची लाज वाटते. पशुवैद्यबाईंनी आमच्या अकरांना लस टोचली, फुकट पट्टे घातले. राजधानीच्या पाहुण्यांनी गावात एकही बेवारस कुत्रं नाही हे पाहून ओरोझालींची पाठ थोपटली. ओरोझालींनी ती थोपटून घेतली. दाजी पाहुण्यांना सांगत होते, “अकरा बेपत्ता, अकरा सापडली, आणि गुन्हेगार थेट माझ्या घरापर्यंत जाऊन शोधला.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी सगळ्यांनी आपापली कुत्री सोडली. दहा मिनिटांत अकराही जण पट्टे मिरवत थांब्यावर गेले आणि रस्त्याच्या मधोमध उन्हात पसरले.

उसोनचा ट्रक परत निघाला होता. त्याने त्यांच्यापाशी येऊन भोंगा वाजवला. साखरेने एक डोळा उघडला आणि मिटला. त्याने पुन्हा वाजवला. मग बंदूक मागे सरकवली, ट्रक रस्त्याच्या खाली गवतात उतरवला आणि कुत्र्यांना वळसा घालून हळूहळू निघून गेला.