डॉक्टरबाई गोड बोलल्या

"तुझ्या अंगात रक्त कमी नि तेल जास्त आहे, खादाडा!" डॉक्टर कुंबा सेक तपासणीचा कागद नाचवत म्हणाली.

मासांबा गेय खदखदून हसला. सेन लुई शहरात गेय आणि सेक ही चेष्टेची घराणी. एकमेकांना खादाड म्हणायचं आणि रागावेल तो हरला, ही वाडवडिलांपासूनची रीत. सेकांच्या पोरीनं गेयाला भात कमी खा म्हटलं, तर त्यात नवल ते काय?

"आमच्या थाळ्यावर डोळा होय गं, भुक्कडांच्या लेकी!"

"मस्करी नाही रे. वाईट कोलेस्टेरॉल वाढलंय, वर रक्तदाब, वय, आणि थोरला भाऊ हृदयविकारानं गेलेला. सगळं मिळून धोका मोठा आहे. देवाशपथ!"

"वा! सेकांना रडूही येतं!" मासांबानं टाळी दिली. ती जितकी गंभीर, तितका हा लोळून हसे. घरी येऊन त्यानं भाताची तेलानं निथळती खरवडही खरवडून खाल्ली.

त्याच्या बायकोला, सोखनाला मात्र घास उतरेना. दिराला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिला हा माणूस हवा होता. तिनं त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, तर तोही निघाला सेकच. मग काय, हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. शेवटी ती कुंबापुढे रडली.

"शुक्रवारी जेवायला येते," कुंबा म्हणाली.

शुक्रवारी मासांबा मासे-भाताच्या थाळ्याशी तयारीतच बसला होता. "आली का फुकटची गिळायला!"

कुंबा अदबीनं वाकली. "आपल्या थाळ्याला बसायला मिळालं, माझं भाग्य, गेयसाहेब. आपलं घराणं किती दिलदार!"

मासांबाचा हात भातातच थांबला. "काय म्हणालीस?"

"सावकाश जेवा. हवं ते खा. आता कशाला मन मारायचं?"

मासांबानं घास परत थाळ्यात टाकला. सेकांनी गेयांचं इतकं कौतुक केलेलं त्यानं एकदाच ऐकलं होतं, भावाच्या मातीला.

"अगं, एक शिवी दे! छोटीशी! भुक्कड तरी म्हण!"

"आपल्यासारख्या थोर माणसाला? छे हो!"

"सोखना, हात धुवायला पाणी आण! आणि भाजी उकड!"

"उद्यापासून?"

"आत्ता!"

कुंबानं मान खाली घालून मोठा मासा पुढ्यात ओढला. हसू लपवायला तिला दुसरी जागाच नव्हती.