मांडेकरीण म्हाळसाबाईंच्या मनगटावरील गाठीची बखर

श्री. अन्न करणारा हात सुखी असो, आणि त्या हाताला हात देणारा त्याहून सुखी असो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे कानी आले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य इतके लहान, की सकाळी घोडा हाकावा तो दुपारच्या पंगतीस शेजारच्या राज्यात पोहोचावा. परंतु पंगत पाहू जाता शेजारच्यांनीच इकडे यावे, ऐसे तेथील अन्न. श्रीमंत आबासाहेब महाराज गादीवर होते. स्वभाव दयाळू, देह भारी, आणि पुरणाच्या मांड्यावर जीव. ते मांडे करावे म्हाळसाबाई मांडेकरणीने. कणीक तलम तिंबावी, आत पुरण भरावे, मग तो गोळा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत कोपरापावेतो लांबवावा, आणि पालथ्या खापरावर अलगद टाकावा. पंगतीचा पहिला मांडा महाराज स्वहस्ते समईपुढे धरीत, आणि त्यातून वात दिसली तरच पंगत बसे. म्हाळसाबाईंच्या अमलात वात दिसली नाही ऐसे कधी घडले नव्हते. बाई भिंतीकडे तोंड करून बसत, सगळ्या मुदपाकखान्यास पाठ देत, का की हाताची कला कोणी उचलू नये. त्यांची सून गोदा पीठ चाळी, पुरण वाटी, आणि सासूची पाठ पाहत बसे. खापरास बोट लावण्याची तिची छाती नव्हती.

त्या साली नवरात्र सरते न सरते तोच म्हाळसाबाईंच्या उजव्या मनगटाच्या मागील अंगास एक गाठ येऊन ठाणे देऊन बसली. प्रथम हरभऱ्याएवढी होती, मग सुपारीएवढी जाहली. ताप नाही, लाली नाही, पू नाही. पुष्कळ मांडे जाहले त्या दिवशी फुगावी, आणि एकादशीस खापर थंड असले की उतरावी. ऐसा तिचा खेळ चालला, आणि मनगट मागे वाकविले की कळ थेट कोपरात जाऊ लागली. आता त्या राज्याचा एक दंडक होता, तो सांगितला पाहिजे. मुदपाकखान्यात शिरण्याआधी प्रत्येकाने दारावर तळहात दाखवावे, आणि ज्याच्या हातास व्यंग दिसेल त्याने अन्नास शिवू नये. दंडक लिहिणाऱ्याने तळहात लिहिले, हाताची मागील बाजू लिहावयास तो विसरला. म्हणून बाई रोज तळहात पुढे करीत, बांगड्या गाठीवर ओढून घेत, आणि आत जात. मनात मात्र धाकधूक होती. खापर गेले तर आपण कोण, हे त्यांस ठाऊक नव्हते. नवरा तरुणपणीच बैरागी होऊन निघून गेला, मुलगा पागेत नोकर, तो महिनोन्‌महिने घरी नसे, आणि साऱ्या जन्मात आपले म्हणावे ते एक खापर. गोदेने एकदा विचारिले, "आत्याबाई, बांगड्या अडकल्यात का मनगटावर?" बाई म्हणाल्या, "बांगड्या माझ्या, मनगट माझे. तू पीठ चाळ." मग गोदा पीठ चाळू लागली.

पुढे महाराजांच्या कन्येचे लग्न माघात ठरले, आणि वरपक्षाने निरोप धाडिला जे, मांड्यांची कीर्ती ऐकून आहोत. तो निरोप आला त्याच दिवशी म्हाळसाबाईंच्या हातातून मांडा निसटून राखेत पडला. राख निवण्याआधी ही बातमी दिवाण त्र्यंबकपंतांस पोहोचली. पंत मनाने लोण्यासारखे, परंतु दंडकाच्या बाबतीत कडवे. त्यांनी बाईंस दरबारात बोलाविले, बांगड्या मागे सारावयास लाविल्या, आणि गाठ पाहून कपाळास हात लाविला. म्हणाले, "महाराज, हे व्यंग. दंडकाप्रमाणे खापर काढून घेणे प्राप्त आहे." महाराज म्हणाले, "आणि लग्नात मांडे कोण करील, तुम्ही?" तेव्हा मसलत ऐसी ठरली की, लग्नापावेतो गाठीचे पारिपत्य करावे, गाठ हटली तर खापर बाईंचे, न हटली तर बाईंनी मुदपाकखाना सोडावा. बाईंनी मान खाली घातली आणि पदराचे टोक बोटास गुंडाळीत उभ्या राहिल्या.

मग राजवैद्य कृष्णंभट यांस विचारिले. वैद्य मोठे जाणते, हातास यश होते, परंतु कोणताही प्रश्न पुसला असता ते देहाच्या उत्पत्तीपासून आरंभ करीत. त्यांनी डोळे मिटून पंचमहाभूते सांगितली, मग सप्तधातू सांगितले, मग अस्थींची गणना मानेपासून सुरू केली, आणि ते खांद्याशी आले तोच पंतांस धीर निघेना. पंत म्हणाले, "शत्रू मनगटात आहे, आपण खांद्यावर मुक्काम करून काय उपयोग? आमच्या आजोळी ऐशी गाठ जड वस्तू हाणून फोडीत." सर्वांस हे शौर्याचे वाटले. मग हाणावे कशाने, याचा वाद जाहला. वरवंटा सुचविला तर तो मसाल्याचा म्हणून नाकारला, तोफेचा गोळा सुचविला तर तो अमंगळ म्हणून नाकारला. शेवटी कोठीतली सरकारी शिक्क्याची लोखंडी पासरी, पाच शेरांचे वजन, आणिली. हाणण्याचा मान कोणाचा, यावर सरदारांत रुसवेफुगवे जाहले, ते मिटवून मान पंतांनी घेतला. पाटावर उशी, उशीवर बाईंचा हात, सनई वाजू लागली. पंतांनी पासरी उचलिली, आणि बाईंच्या तोंडाकडे दृष्टी जाताच त्यांचे मन द्रवले, आणि त्यांनी डोळे मिटून घाव घातला. गाठ दिसेनाशी जाहली. तेव्हा फत्ते जाहली म्हणून तोफा उडविल्या, साखर वाटली, पंतांस शालजोडी दिली. बाईंचे मनगट मात्र वांग्यासारखे काळेनिळे होऊन सुजले, आणि गोदा घरी हळदीचा लेप लावीत आपणच रडू लागली. बाई म्हणाल्या, "हात माझा दुखतो आणि रडतेस तू होय?" परंतु हात काढून घेतला नाही. पुढे सूज उतरली, आणि सुजेच्या खालून गाठ होती त्याच जागी, होती तेवढीच निघाली. वाटलेली साखर परत मागावी की काय, ऐसे पंतांस वाटले, परंतु ती लोकांनी खाल्ली होती.

आता बाई दरबार टाळून स्वतः वैद्यांच्या घरी गेल्या, गोदेस संगे नेले, आणि म्हणाल्या, "वैद्यबुवा, तुम्ही खांद्याशी थांबलात. पुढचे सांगा. मी बसते." ऐसे ऐकणारे माणूस वैद्यांस जन्मात भेटले नव्हते. त्यांस गहिवरून आले, आणि त्या भरात ते खांदा, दंड, कोपर सोडून एकदम मनगटावर आले. त्यांनी खिडकी लाविली, निरांजन आणविले आणि त्याची ज्योत गाठीच्या एका अंगास धरिली, तो गाठ आतून केशरी उजळली. वैद्य म्हणाले, "बाई, तुम्ही मांडा कसा पारखता?" बाई म्हणाल्या, "दिव्यापुढे." वैद्य म्हणाले, "मग हीही पारखा. मांस असते तर उजेड अडला असता. आत नुसते पाणी आहे, घट्ट, पाकासारखे. गाड्याच्या आखास वंगण घालतात ना, तैसे देवाने सांध्यास वंगण दिले आहे. फार घासले की ते सांध्याच्या पिशवीतून बारीक देठाने बाहेर येते आणि कातडीखाली फुगा धरते. यात जिवास धोका नाही, हात कापावयाचा नाही, हे कोणाला लागत नाही, आणि हा कोणाचा शाप नाही. पासरीने फुगा फुटला, देठ तैसाच राहिला, म्हणून पुन्हा भरला. हाड मोडले नाही हे तुमचे नशीब." हे ऐकून बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. हात कापावा लागेल, हे भय त्यांनी इतके दिवस गोदेसही सांगितले नव्हते. मग त्यांनी उपाय पुसला. वैद्य म्हणाले, "दुखत नसते तर काहीच करू नका म्हणालो असतो. पुष्कळ गाठी आपल्या पायाने जातात. दुखते आहे, तर कामट्या बांधून हातास विसावा द्या. सुईने पाणी काढिता येते, परंतु बहुधा पुन्हा भरते. शस्त्राने देठासकट काढिता येते, तरी क्वचित परत येते, आणि त्यालाही आधी हात स्वस्थ ठेवणे आलेच." बाईंनी सगळे ऐकिले, आणि विसावा हा शब्द तेवढा ऐकिला नाही. म्हणाल्या, "सुई घाला. माघात लग्न आहे."

वैद्यांनी पोकळ सुईने पाणी काढिले. ते स्वच्छ आणि चिकट होते, एकतारी पाक म्हणावा ऐसे. मनगट सपाट जाहले, आणि वैद्य म्हणाले की आता खापर नको. बाईंनी मान डोलाविली, आणि दुसऱ्या सकाळी खापरापुढे बसून सराव म्हणून दोन पायल्यांचे मांडे केले. ते मांडे पाहाऱ्यावरच्या शिपायांनी खाल्ले आणि बाईंस दुवा दिला. लग्नाचे वऱ्हाड वेशीवर आले, त्या सकाळी गाठ पूर्ववत सुपारीएवढी होऊन बसली होती, आणि मूठ वळेना. बाई खापरापुढे बसल्या आणि उठेनात. शेवटी मागे न पाहता म्हणाल्या, "गोदे, कामट्या आण." गोदेने मनगटास बांबूच्या कामट्या बांधिल्या, मऊ फडके गुंडाळिले, आणि बाई खापरापासून सरकून बाजूस बसल्या. त्या सरकल्या ती जागा हातभर होती, परंतु त्यांस ती ओलांडावयास फार वेळ लागला. म्हणाल्या, "बैस. मी सांगते तैसे कर." गोदेने पदर खोचिला, गोळा हातावर घेतला, आणि बाईंनी सांगण्यास तोंड उघडण्याआधी तो झेलू लागली. पहिला मांडा फाटला. दुसरा कोपरापावेतो आला, आणि खापरावर निजला, आणि सुरकुती पडली नाही. बाई पाहत राहिल्या. म्हणाल्या, "तुला हे कोणी शिकविले? मी तर कधी हात दाखविला नाही." गोदा म्हणाली, "तुमचा हात दिसत नसे, आत्याबाई. पाठ दिसे. खांदा कसा हलतो ते बघून शिकले." तेव्हा बाईंनी निरखून पाहिले, तो गोदेचे मनगट सरळ होते, झटका नव्हता, आणि सगळा झोका खांद्यातून येत होता. ज्या मनगटाच्या झटक्यावर आपण जन्म काढिला, तो झटका हिने पाहिलाच नव्हता, म्हणून घेतलाही नव्हता. बाईंस हसू आले आणि डोळेही भरले.

पंगत मांडिली. महाराजांनी पहिला मांडा समईपुढे धरिला, वात दिसली, आणि वऱ्हाडी वाहवा करू लागले. महाराजांनी घास घेतला आणि थांबून म्हणाले, "मांडा उत्तम आहे. परंतु हा हात म्हाळसाबाईंचा नव्हे." मुदपाकखान्यात गोदेची पाचावर धारण बसली. तेव्हा बाई पडद्याबाहेर आल्या, कामट्या बांधलेला हात सर्वांपुढे धरिला, आणि म्हणाल्या, "नव्हे, सरकार. हात सुनेचा आहे. माझी गाठ हटली नाही. दंडकाप्रमाणे मी निघते, परंतु खापर तिचे असू द्या. तिला येते. मी तिला शिकविले नाही, हा माझा कोतेपणा, तरी तिला येते." महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंत पासरी हाणिल्यापासून बाईंच्या नजरेस नजर देत नव्हते. त्यांनी घसा खाकरून सांगितले जे, "दंडक अन्नास शिवणाऱ्या हाताचा आहे. पाहणाऱ्या डोळ्यांचा नाही. बाईंनी बसून पाहावे." महाराज म्हणाले, "आणि मला दुसरा मांडा वाढा. दंडकावर बोलता बोलता मांडा निवतो." मग पंगत चालली.

लग्न जाहले, वऱ्हाड गेले, फाल्गुन गेला, चैत्र लागला. गोदा खापरावर, आणि बाई बाजूस बसून, हात कामट्यांत ठेवून, तोंडाने हुकूम सोडीत. तोंडास कामट्या बांधण्याचा उपाय वैद्यांपाशी नव्हता. मग कामट्या सुटल्या, आणि एके दिवशी न्हाऊन बांगड्या भरिताना त्या घसरून तळहातापावेतो आल्या, कोठे अडकल्या नाहीत. बाईंनी मनगट चाचपिले, दुसरे मनगट चाचपिले, उजवे आणि डावे चुकले की काय म्हणून पुन्हा पाहिले. गाठ नव्हती. कोणत्या दिवशी गेली ते कोणासच ठाऊक नव्हते, का की तिच्याकडे पाहावयास कोणास सवड नव्हती. वैद्य म्हणाले की कदाचित परतही येईल, आली तर भिऊ नये. दंडकही फिरला, दारावर हात दोन्ही अंगांनी दाखवावे, आणि व्यंग दिसले तर आधी वैद्यांचे ऐकावे, मग काय ते ठरवावे, ऐसे पंतांनी ठरविले. ऐकणे पुरते जाहल्याविना कोणी उठू नये, हे कलम महाराजांनी आपण घातले. बाई पुन्हा मांडे करू लागल्या, गोदेच्या जोडीने, भिंतीकडे पाठ करून आणि तोंड सर्वांकडे करून, आणि झोका खांद्यातून. तो त्यांनी सुनेपाशी शिकून घेतला. आणि खापर निवले की बाई रोज म्हणत, "गोदे, हात दे," आणि तिच्या मनगटाच्या मागील अंगावरून अंगठा फिरवून पाहत, तेथे काही नसले तरी पाहत, आणि गोदा हात लवकर काढून घेत नसे.

येणेप्रमाणे म्हाळसाबाईंच्या गाठीची हकीकत. पासरीने हरली नाही, सुईने हरली नाही, विसाव्यास पाहून आपण निघून गेली. फत्ते कोणाची म्हणावी, हे वाचणाराने आपल्या घरच्या हातांकडे पाहून ठरवावे. लिहिणाराचे मनगट दुखू लागले, म्हणून लेखणी ठेविली. कल्याण असो.