साहेबांना लिफ्टमधून बाहेर काढण्यात येत आहे

आमच्या ऑफिसात एक गंभीर प्रकार घडला. आवक-जावकच्या ताईंनी एका माणसाला खरं सांगितलं. तेही लेखी, तेही इंग्रजीत. त्यानं विचारलं होतं, माझ्या फाईलचं काय झालं? ताईंनी उत्तर धाडलं, 'आय लॉस्ट युअर फाईल. सॉरी.' झालं! त्या पठ्ठ्यानं ते उत्तर फ्रेम करून आपल्या दुकानात टांगलं. लोक सामान घ्यायला कमी आणि ते वाचायलाच जास्त यायला लागले.

साहेब हादरले. मराठीत कसं, आपल्याला भीतीच नाही. 'कळविण्यात येते', 'शोध घेण्यात येत आहे', 'दिलगिरी व्यक्त करण्यात येते'. कितीही खणा, माणूस म्हणून कुणी सापडायचा नाही त्यात. पण इंग्रजीत लिहायला बसलो की आम्ही सगळे एकदम भाबडे! आय लॉस्ट, आय फरगॉट, आय स्लेप्ट. साहेब म्हणाले, "इंग्रजी कच्चं असल्यामुळे आपलं ऑफिस प्रामाणिक होत चाललंय. हे थांबलंच पाहिजे."

मग इंग्रजीच्या मॅडम आणल्या. रिटायर्ड, पण आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. वर्गात शिरताना सगळ्यांचे मोबाईल एका ट्रेमध्ये, साहेबांचासुद्धा. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'द क्लार्क ब्रोक द चेअर.' म्हणाल्या, "आता कर्म उचला, पुढे आणा. त्याला वॉज लावा. मग क्रियापदाचं तिसरं रूप. द चेअर वॉज ब्रोकन बाय द क्लार्क."

हेडक्लार्क काका घाबरत घाबरत उठले. "मॅडम, क्लार्क अजून दिसतोय."

"शेवटी गेला ना?"

"शेवटी गेला, पण गेला नाही."

"मग 'बाय'पासून पुढचं पुसून टाका. ते ऐच्छिक असतं."

अगं, काय सांगू! काकांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "हे मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर आज मी साहेब असतो." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि फक्त मान डोलावली.

त्यानंतर ऑफिस असं सुधारलं म्हणता! जिकडेतिकडे नुसतं वॉज आणि वेअर. फायली हरवल्या गेल्या, तारखा चुकवल्या गेल्या, कप फोडले गेले, पण कुणीच काही केलं नाही. मलाही इतकी सवय लागली की घरी उशिरा पोचले तर आईला सांगून टाकलं, "आज उशीर केला गेलाय." आई म्हणाली, "बरं. जेवणही संपवलं गेलंय."

तर आज शेवटचा तास होता. साहेबांनी तासभर चहावर चहा ढोसलेला. तास संपल्या संपल्या घाईघाईनं लिफ्टमध्ये शिरले, तळमजल्यावर त्यांचं खास बाथरूम आहे ना, तिकडे. मोबाईल ट्रेमध्येच राहिला. मागोमाग मॅडम. लिफ्ट निघाली आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधेच गप्पकन थांबली. आम्ही सगळे पहिल्या मजल्यावर धावलो. लिफ्टच्या जाळीतून वर बघितलं तर दोन जोड्या पावलं. मॅडमच्या चपला एका जागी ठाम. साहेबांचे बूट मात्र जागच्या जागी नाचत होते.

"अरे, कुणीतरी उघडा रे!" साहेब ओरडले.

मॅडमचा आवाज आला, "साहेब, कर्म आधी."

मग साहेब दात आवळून म्हणाले, "लेट द डोअर बी ओपन्ड!"

बरोब्बर! आम्ही टाळ्या वाजवल्या. काका जाळीला तोंड लावून म्हणाले, "सर, द डोअर इज बीइंग ओपन्ड."

"कोण उघडतंय?"

आम्ही सगळे एकेक पाऊल मागे सरकलो. मॅडमच म्हणाल्या, "तो भाग ऐच्छिक आहे, साहेब."

"मॅडम, आय हॅव टू गो!"

"'गो'चं पॅसिव्ह होत नाही, साहेब. अकर्मक आहे."

तेवढ्यात ताई खाली जाऊन बघून आल्या. लिफ्टचा मेन स्विच बंद होता! वीज वाचवायचा साहेबांचाच आदेश आहे, दिसेल तो स्विच बंद. कुणीतरी तोही केला असणार. मी म्हटलं, "मग करून येते चालू, हाय काय नाय काय!"

काकांनी माझा दंडच धरला. "बाई, नवी आहेस, नोकरी पक्की व्हायचीय. चालू केलास म्हणजे स्विच कुठाय हे तुला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे बंद पण तूच केला असशील. साहेबांना मधल्यामध्ये कुणी लटकवलं, तर तू! 'बाय'च्या पुढे तुझं नाव लागेल, आणि ते कुणी पुसणार नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही करा."

"मी? मला तर स्विच असतो हेच माहीत नाही."

मग ताईंनी मोठ्या अक्षरात पाटी लावली, 'द लिफ्ट हॅज बीन स्टॉप्ड. इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड.' सगळ्यांनी वाचली, स्पेलिंग तपासलं, एकही चूक नाही. आम्हाला इतकं भरून आलं की मॅडमना ऐकू जावं म्हणून काकांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. तर वरून मॅडमची किंकाळी, "सेव्ह मी, मूर्खांनो!"

काका दुखावले ना. म्हणाले, "मॅडम, निदान तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती."

त्यानंतर साहेबांचे बूट नाचायचे थांबले. का थांबले ते विचारू नका. मॅडमच्या चपला तेवढ्या एकदम कोपऱ्यात सरकल्या.

मग जेवणाची सुट्टी झाली, सगळे पांगले, मीही खाली इथे तुमच्यात चहाला आले. हो, म्हणजे अजून आतच आहेत ते. दात काय काढताय? तो बघा ना, समोरच्या दारातून, जिन्याखाली, लाल दांडीचा. तोच स्विच. इथून चार पावलांवर. मी सांगायला लागल्यापासून तुम्हा सगळ्यांना दिसतोय. आणि तुमची काही माझ्यासारखी नोकरी जायची नाहीये.

काय म्हणालीस? "अगं बाई, कुणीतरी चालू करायला हवा गं!"

वा! एकाही तासाला न बसता पास.