चाळीस सेकंदांचा बंदोबस्त

दिवस आपल्या मुठीत असतो, असं मिनिटराव छातीठोकपणे सांगत. हे त्यांचं टोपणनाव ऑफिसने पाठीमागे ठेवलेलं, आणि घरी बायकोही कधीमधी तेच वापरते हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुकानं, दवाखाने आतून सजवून देणाऱ्या एका कंपनीत ते प्रोजेक्ट मॅनेजर होते. रोज सकाळी ते खिशात मावेल एवढ्या कार्डावर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडत. एखादं काम झालं की कानावरची पेन्सिल काढून त्यापुढे बरोबरची खूण. ती केल्याशिवाय काम झालं असं त्यांचं मन मानायलाच तयार नसे. दाढी केल्याचीसुद्धा खूण असायची.

त्या दिवशीच्या कार्डावर एक ओळ लाल होती. लेकीची पोहण्याची शर्यत. लेक दहा वर्षांची, आणि तिच्या मागच्या दोन्ही शर्यती मिनिटरावांनी हुकवलेल्या.

"बाबा, माझी शर्यत चाळीस सेकंदांची असते," दूध पिता पिता ती म्हणाली. "तू उशिरा आलास ना, की ती संपलेलीच असते. थोडी उरलेली वगैरे नसते."

"आज येणार म्हणजे येणार."

"आज नाही आलास तर पुढच्या वेळी मी तुला सांगणारच नाही. म्हणजे तुला वाईट वाटायला नको."

हे ती भांडून म्हणाली असती तर परवडलं असतं. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली.

"किती वाजता आहे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"साडेचार."

मिनिटराव मनातल्या मनात हसले. बायको आपल्याला प्रत्येक वेळ अर्धा तास आधीची सांगते, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. एकदा फोटो स्टुडिओच्या बंद कुलपाकडे बघत अर्धा तास काढला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला होता. साडेचार म्हणजे पाच. कार्डावर त्यांनी पाच लिहिलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, कारण बाहेर सगळ्यांना ते स्वतः अशीच आधीची वेळ देत.

आता त्या दिवशीचं काम ऐका. एका डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना अडीच वाजता दाखवायचा होता. वायरमन, सुतार आणि रंगारी यांचं शेवटचं काम उरलेलं. तिघांनाही मिनिटरावांनी नऊची वेळ दिली होती. गंमत अशी की वायरमन नेहमी एक तास उशिरा येई, सुतार दोन तास आणि रंगारी तीन. म्हणजे बरोबर एकामागून एक. वायरी, मग लाकूड, मग रंग. दुसऱ्यांच्या आळशीपणावर उभारलेलं एवढं सुबक नियोजन तुम्ही कुठे पाहिलं नसेल.

पण ऑफिसात त्यांची एक सहायिका होती, मनाने फार चांगली. तिने आदल्या संध्याकाळी तिघांना फोन केले. "साहेबांच्या मुलीची शर्यत आहे हो. उद्या तरी वेळेवर या."

मुलीची शर्यत म्हटल्यावर तिघंही विरघळले. नवाच्या ठोक्याला तिघं दारात हजर.

मिनिटराव आले तर वायरमनने मेन स्विच बंद केलेला, त्यामुळे सुतार करवतीचं मशीन हातात घेऊन खोळंबलेला, आणि अंधारात रंगारी अंदाजाने भिंत रंगवत होता.

"तुम्ही आत्ता कसे काय आलात?" मिनिटरावांचा आवाज चिरकला.

"नऊच म्हणाला होतात," सुतार म्हणाला.

"मी म्हणालो, पण तुम्ही कधी ऐकता का?"

"आज ऐकलं. पोरीची शर्यत आहे ना?"

दहाला वीज आली. सुताराने सगळी कसर भरून काढायची म्हणून मशीन असं काही चालवलं की भुश्याचा ढग उठला आणि जाऊन बसला थेट ओल्या रंगावर. समोरची अख्खी भिंत पिठात घोळल्यासारखी दिसायला लागली. रंगारी सुतारावर धावला, सुतार वायरमनवर, आणि वायरमनने शांतपणे पुन्हा मेन स्विच बंद केला. मिनिटराव कधी घड्याळ बघत, कधी कार्ड, कधी भिंत. एका जागी पाय ठरेना. अडीचपर्यंत तीन भिंती कशाबशा धड झाल्या. भुश्याची चौथी तशीच राहिली, कारण ती वाळून दगड झाली होती.

डॉक्टरीणबाई आल्या आणि नेमक्या त्याच भिंतीपुढे थांबल्या. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

"हे काय आहे?"

"मॅडम, ते जरा..."

"फार सुंदर आहे. असा खडबडीतपणा मी किती दिवस शोधतेय. मला चारही भिंती अशाच हव्यात."

रंगाऱ्याने सुताराकडे पाहिलं. मग चर्चा सुरू झाली: भुसा कोणत्या लाकडाचा, जाड की बारीक, आणि साधारण किती लांबून उडवायचा. बाईंना सगळं सविस्तर कळायला हवं होतं. मिनिटराव 'हो मॅडम' म्हणत होते, पण पायातला बूट आपोआप दाराकडे सरकत होता. बाई गेल्या तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"साहेब, शर्यत!" सहायिका कळवळली.

"पाचला आहे. ही साडेचार म्हणाली, म्हणजे पाच."

"पण वहिनींनी आज खरी वेळ सांगितली असेल तर?"

ही शक्यता कार्डावर कुठेच नव्हती. त्यांनी बायकोला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मग ते टॅक्सीत बसले, सिग्नलवर उतरले, पळाले, दुसऱ्या टॅक्सीत बसले आणि शेवटी तीही सोडून पळाले. चालत्या टॅक्सीपेक्षा आपण पळालो तर लवकर पोचू, असं त्यांना दर दोन मिनिटांनी वाटत होतं. पोचले तेव्हा पाचला दोन कमी होते, केसांत भुसा होता आणि दम छातीत मावत नव्हता.

"संपली?" गॅलरीत बायकोशेजारी कोसळत त्यांनी विचारलं.

"सुरूच नाही झाली. पाचला आहे."

"बघ! मला माहीत होतं, तू अर्धा तास..."

"आज मी नाही," बायको म्हणाली. "मलाही साडेचारच माहीत होतं. इथे येऊन कळलं. लेकीने आपल्या दोघांनाही गंडवलं. म्हणाली, बाबा तुझी तीस मिनिटं धरतच नाही, म्हणून मी आणखी तीस मिनिटं आधीची वेळ सांगितली."

मिनिटरावांचा ऊर अभिमानाने भरून आला. खाली लेक लाल टोपी घालून उभी होती. तिने वर पाहिलं, बाबा दिसला, आणि ती अशी हसली की मिनिटरावांना गलबलून आलं. आलो, वेळेत आलो. दिवस शेवटी मुठीतच होता.

शिट्टी वाजली. सहा मुलींनी उड्या मारल्या, आणि मिनिटरावांचा हात सवयीने खिशात गेला. कार्ड काढलं, लाल ओळ शोधली, कानावरची पेन्सिल घेतली. ती घामाने निसटली आणि बाकाखाली गेली. ते वाकले. ती आणखी घरंगळली. ते गुडघ्यांवर आले. पेन्सिल सापडली, खूण केली, आणि डोकं वर काढलं तर सगळी गॅलरी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

लेक निथळत धावत वर आली. "बाबा, पाहिलंस?"

"पाहिलं ना."

"कितवी आले?"

मिनिटरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पाण्याकडे.

"दुसरी?"

"पहिली," बायको म्हणाली.

लेकीने त्यांचे धुळीने माखलेले गुडघे पाहिले, हातातलं कार्ड पाहिलं, त्यावरची ताजी खूण पाहिली. रडेल असं मिनिटरावांना वाटलं. त्यांनाच रडू येत होतं. तिने फक्त हात पुढे केला.

"पेन्सिल दे. कार्डपण. सव्वापाचला माझी पाठीवरची शर्यत आहे. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. तुझ्यासाठी बफर म्हणून राखून ठेवलेली."

दुसरी शर्यत मिनिटरावांनी पापणी न लवता पाहिली. लेकीला दिसावं म्हणून दोन्ही रिकामे हात डोक्याच्या वर धरले होते. मागच्या बाईंनी दोनदा तक्रार केली, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत. लेक सहावी आली. पोहणाऱ्या सहाच होत्या.

"अगं, आत्ताच पहिली आलीस, मग आता सहावी कशी?" बायकोने तिला टॉवेलात गुंडाळत विचारलं.

"पाठीवर पोहताना गॅलरी दिसते," लेक म्हणाली. "बाबाने दुसरी पेन्सिल तर नाही ना काढली, तेच बघत होते."